बी लावायचं की फांदी? परसबागेत नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

मे संपता संपता हा प्रश्न हमखास येतो. पेटीतला शेवटचा हापूस फार गोड निघालेला असतो, त्याची कोय कुणीतरी कौतुकाने कुंडीत लावलेली असते आणि मला विचारतात, "यातून हापूस यायला किती वर्षं लागतील?" रोप उगवेल, झाड होईल, आठ-दहा वर्षांनी फळंही धरतील. पण ती हापूसची नसतील. कोयीतलं रोप हे हापूसचं मूल आहे. त्याची आई ठाऊक आहे, पण मोहोरावर बसलेल्या माशीने कुठल्या झाडाचे परागकण आणले ते कुणी पाहिलेलं नाही. शिवाय आईचे सगळे गुण मुलात जसेच्या तसे उतरतात असं माणसांतही होत नाही.

म्हणून खुरपं हातात घेण्याआधी एवढं ठरवा: तुम्हाला झाडाचं मूल हवंय, की तेच झाड पुन्हा हवंय? मूल हवं तर बी. तेच झाड हवं तर फांदी, कंद, मुनवा (केळीच्या बुडाशी फुटणारं पिल्लू), डोळा (फांदीवरची कोंब फुटण्याची जागा), जे मिळेल ते. दहावीच्या पुस्तकात पहिल्याला लैंगिक प्रजनन म्हटलंय आणि दुसऱ्याला शाकीय, म्हणजे अलैंगिक प्रजनन. पाठ केलेले हे शब्द हाताला कळावेत म्हणून पुढची कामं दिली आहेत. कोय कलम मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, तिथे आधीच्या सगळ्या कामांचा सराव लागतो.

आधी एक फूल चिरा

सकाळी ताजं उमललेलं साधं पाच पाकळ्यांचं जास्वंदीचं फूल घ्या आणि देठापासून टोकापर्यंत ब्लेडने उभं चिरा. मधून बाहेर आलेल्या दांड्यावर पिवळ्या टाचण्यांसारखे दिसतात ते पुंकेसर. बोट लावा, बोटाला पिवळी पूड लागेल. तेच परागकण. दांड्याच्या अगदी टोकाला मखमली लाल पाच ठिपके असतात, ती कुक्षी. पुंकेसरांचा दांडा आतून पोकळ असतो आणि कुक्षीपासून निघालेली बारीक दोरी, म्हणजे कुक्षीवृंत, त्या पोकळीतून खाली अंडाशयापर्यंत जाते. अंडाशय तळाशी, हिरव्या वाटीत बसलेला असतो. तो हलकेच उघडलात तर आत पांढुरके बारीक दाणे दिसतील. ती बीजांडं, उद्या होऊ शकणाऱ्या बिया.

परागकण कुक्षीवर पडला की रुजतो. बी जसं मातीत मूळ सोडतं तसा तो कुक्षीत एक नलिका सोडतो आणि ती कुक्षीवृंतातून वाट काढत बीजांडापर्यंत पोचते. नलिकेतून दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर पेशी, येतात. एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन गर्भ तयार होतो, दुसऱ्यापासून त्या गर्भाची शिदोरी, म्हणजे भ्रूणपोष. हे दुहेरी फलन १८९८ साली रशियन शास्त्रज्ञ नावाशिन यांनी दाखवून दिलं. शिदोरी पाहायची असेल तर नारळ फोडा. शहाळ्यातलं पाणी आणि खोबरं हे दोन्ही भ्रूणपोषच. आणि नारळ मोडावर आला की आत जो गोड, भुसभुशीत मोड मिळतो, तो वाढू लागलेल्या गर्भाचाच भाग, खोबऱ्यातली शिदोरी शोषून घेणारा.

आता कुंपणावरची जास्वंद पुन्हा नीट पाहा. एवढी फुलं येतात, तरी बोंड जवळपास कधीच धरत नाही. म्हणजे तुमच्या दारची जास्वंद बहुतेक कुणाच्या तरी दारच्या जास्वंदीची काडी आहे, आणि तीही आणखी कुणाच्या तरी. गावोगाव हातोहात फिरलेलं हे एकच झाड आहे, असं म्हटलं तरी चालेल.

लाल भोपळ्याचं परागीभवन हाताने

बीचा मार्ग शिकायला भोपळ्यासारखा गुरू नाही. फुलं मोठी, नर-मादी वेगळी, आणि आठवड्यात निकाल. "वेलीला फुलं खूप येतात पण भोपळा धरत नाही" ही तक्रारही इथेच मिटते. सुरुवातीला नर फुलंच येतात, ती गळणारच, तेव्हा घाबरू नका. मादी फूल ओळखायला सोपं आहे, त्याच्या पाकळ्यांखाली लिंबाएवढा छोटा भोपळा आधीच असतो. नर फूल नुसत्या लांब देठावर उभं असतं.

संध्याकाळी वेलीवर फेरी मारा. ज्या कळ्यांच्या टोकाला पिवळा रंग चढलाय त्या उद्या पहाटे उमलणार. अशी एक मादी आणि दोन-तीन नर कळ्या निवडा. पुढच्या वर्षी याच जातीचं बी हवं असेल तर सगळ्या कळ्यांची टोकं आत्ताच दोऱ्याने सैल बांधा, म्हणजे मधमाशी तुमच्याआधी पोचणार नाही. नुसता भोपळा खायचा असेल तर बांधायची गरज नाही.

सकाळी साधारण आठच्या आत वेलीपाशी या. ऊन चढलं की फूल मिटू लागतं आणि परागही कामाचे राहत नाहीत. नर फूल खुडा, पाकळ्या काढून टाका, मधला पिवळा दांडा ब्रशसारखा धरा आणि मादी फुलातल्या कुक्षीच्या सगळ्या पाळ्यांवर हलक्या हाताने फिरवा. एका पाळीवर भागवू नका, आणि एका नर फुलावरही भागवू नका. भोपळ्यात जितक्या बिया, तितक्या बीजांडांपर्यंत पराग पोचलेले असतात. पराग कमी पडले की बिया कमी धरतात आणि फळ एका बाजूने खंगतं, वाकडं होतं. वाकडी काकडी दिसली की खताला दोष देण्याआधी मधमाश्या आठवाव्यात.

काम झालं की बी धरायचं असल्यास मादी फुलाचं तोंड पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा लावून ठेवा. फळ धरलं असेल तर ते आठवड्यात ठळक वाढलेलं दिसतं. नसेल तर पिवळं पडून गळतं. दोन-तीन गळले म्हणून सोडून देऊ नका.

हीच रीत दुधीला लावाल तर वेळ चुकेल. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्याचे पाहुणे रात्री उडणारे पतंग. दोडकाही संध्याकाळचा. घोसाळं दोडक्याचं सख्खं भावंड, पण ते सकाळचं. मी एक अख्खा हंगाम दोडक्याच्या वेलीपाशी सकाळी ब्रश घेऊन उभी राहिले आहे, म्हणून हे जीव तोडून सांगते: आधी दोन दिवस नुसतं पाहा, फूल कधी उघडतं ते.

आणखी एक गैरसमज. शेजारच्या वेलीचे पराग लागले म्हणून या वर्षीच्या भोपळ्याचा गर बदलत नाही, गर आईचाच असतो. फरक पडतो आतल्या बियांत, आणि तो दिसतो त्या बिया पेरल्यावर. दुधी आणि लाल भोपळा यांचा संकर मात्र होत नाही, त्यांची जातच वेगळी.

बी धरताना

बियांसाठी ठेवलेलं फळ खाण्याच्या वेळी काढायचं नाही, वेलीवर पूर्ण जून होऊ द्यायचं. पहिलं, निरोगी, चांगल्या आकाराचं फळ बियांना आणि उरलेली भाजीला. आपल्याकडे बरोबर उलट होतं. दुधी किंवा काकडी कडू निघाली तर तिचं बी ठेवू नका, आणि कडू दुधी खाऊ तर अजिबात नका. ती विषारी असू शकते.

टोमॅटो आणि वाल-घेवड्याला फारसं काही करावं लागत नाही. त्यांचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागांनी फळतं, त्यामुळे बी आईसारखं निघतं. (बाजारातल्या संकरित टोमॅटोचं बी मात्र पुढच्या पिढीत फुटतं. एक रोप दुसऱ्यासारखं नसतं.) कांद्याचं उलट आहे. डेंगळ्यावरच्या गोंड्यांवर मधमाश्या दिवसभर एका शेतातून दुसऱ्यात फिरतात, म्हणून बियांचा कांदा दुसऱ्या वाणापासून लांब लावतात. पपईत आणखी वेगळी गंमत: काही वाणांत बियांतून नर झाडं निघतात, काही मादी, आणि ते फुलं येईपर्यंत कळत नाही. म्हणून एका खड्ड्यात तीन रोपं लावायची आणि फुलं पाहून एक ठेवायचं.

नारळ-सुपारीला तर बी हाच मार्ग. त्यांना फांदी नाही, आणि सालीखाली सतत वाढणारा जो थर कलमाला लागतो, तोही नाही. तिथे सगळं कौशल्य आईचं झाड निवडण्यात असतं.

आणि कागदी लिंबू? त्याच्या एकाच बीतून कधी दोन-तीन रोपं वर येतात. त्यातली बरीचशी फलनातून आलेलीच नसतात, ती बीजांडातल्या आईच्याच पेशींतून उगवलेली असतात. म्हणजे बी लावलं तरी हाती आलं तेच झाड. निसर्गाने आपल्या दोन कप्प्यांच्या मधोमध ठेवलेलं हे लिंबू मला फार आवडतं.

काडी लावणं

पावसाळ्याच्या सुरुवातीला जास्वंदीची पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना कोवळी ना जुनाट, वीतभर लांब काडी घ्या. तिच्यावर तीन-चार डोळे हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका घ्या, वरचा सरळ. त्यामुळे पुढे वर-खाली ओळखताही येतं. उलटी खोचलेली काडी सहसा लागत नाही, कारण झाडाला स्वतःचं वर-खाली ठाऊक असतं आणि मुळं मूळच्या खालच्या टोकालाच फुटतात. वरची एक-दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकी काढा. पानांतून पाणी उडत राहतं आणि ते भरून काढायला काडीला अजून मुळं नाहीत. निम्मी वाळू-निम्मी माती असलेल्या, पाणी न साचणाऱ्या कुंडीत दोन डोळे मातीखाली जातील अशी खोचा, सावलीत ठेवा.

नवख्यांचा घात दोन गोष्टी करतात. एक, मुळं आली का म्हणून काडी उपसून पाहणं. कोवळी मुळं तिथेच तुटतात. दुसरी फसवणूक मोठी आहे. आठ-दहा दिवसांत वर हिरवी पालवी फुटते आणि आपण कुंडी उन्हात नेतो. ती पालवी काडीत साठलेल्या अन्नावर फुटलेली असते, खाली एकही मूळ नसू शकतं. महिनाभर थांबा. नवी पानं पूर्ण मोठी होऊन टवटवीत राहिली, काडी हलकेच ओढल्यावर मातीने धरून ठेवली, की मग सकाळचं ऊन द्या.

मोगरा, तगर, कण्हेर, मनीप्लांट याच वाटेने जातात. शेवंतीच्या काश्या (बुडातून येणारे फुटवे), अळूचे कंद, पुदिन्याची धावती खोडं, हळदीचे गड्डे यांना तर एवढंही शिकवावं लागत नाही. पानफुटीचं पान मातीवर नुसतं टाका, कडांच्या खाचांतून रोपं येतील. मुलांना दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही.

गुटी: फांदी झाडावर असतानाच मुळं

डाळिंब, पेरू, लिंबू यांना गुटी कलम लावा. यात काडीपेक्षा धोका कमी, कारण मुळं फुटेपर्यंत फांदी आईलाच जोडलेली असते.

जून-जुलैत पेन्सिलीएवढी निरोगी फांदी निवडा. एका डोळ्याच्या लगेच खाली दीड बोट, म्हणजे अडीच-तीन सेंटीमीटर रुंदीची साल गोलाकार काढून टाका. आतलं पांढरं लाकूड दिसेल. त्यावरचा ओलसर, बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने नीट खरवडा. हे टाळलंत तर तो थर नवी साल तयार करून जखम भरतो आणि मुळं येतच नाहीत. बहुतेक फसलेल्या गुट्या इथेच फसतात.

फांदी का जगते? पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, ते चालूच राहतं. पानांनी केलेलं अन्न मात्र सालीतून खाली येतं आणि कापाच्या वरच्या कडेला अडतं. तिथे अन्न आणि मुळं फुटवणारी द्रव्यं साठतात, गाठ धरते आणि तिच्यातून मुळं निघतात. म्हणून मुळं फुटवणारी पावडर लावायची असेल तर वरच्या कडेला लावा. मग भिजवून घट्ट पिळलेलं मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, मूठभर त्याभोवती दाबा, पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं करकचून बांधा. आत पावसाचं पाणी शिरलं तर सगळं कुजतं.

दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी मुळं पिवळसर तांबूस झाली की गुटीच्या खाली फांदी कापा. एकदम नव्हे, आठवडाभर आधी अर्धा काप द्या आणि मग पूर्ण. निम्मी पानं काढून पिशवीत लावा आणि महिनाभर सावलीत ठेवा. गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं, त्यामुळे वाऱ्याच्या जागी पहिली काही वर्षं आधाराची काठी द्यावी लागते.

तेच झाड म्हणजे त्याचा आजारही तोच

याचा विचार फार कमी लोक करतात. फांदीबरोबर आईचे गुण येतात तसे तिच्या अंगातले विषाणूही येतात. म्हणून काडी नेहमी निरोगी झाडाची, केळीचा मुनवा नेहमी निरोगी बागेतला. आणि ज्या पिकात सगळीकडे एकच झाड पसरलेलं असतं, त्यात एकाला झालेला रोग सगळ्यांना होऊ शकतो. ग्रो मिशेल नावाच्या केळीवर साऱ्या जगाचा व्यापार उभा होता. पनामा मर रोगाने तिचे मळेच्या मळे गेले आणि १९६० च्या सुमारास व्यापारातून ती बाहेर पडली. खाण्याच्या केळीत बीच नाही, त्यामुळे पुढच्या पिढीत एखादं मूल वेगळं, रोगाला पुरून उरणारं निघेल ही आशाही नाही.

बियांचं मोल इथे कळतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ तयार झाला, १९८१ साली तो शेतकऱ्यांना मिळाला. हापूसला छळणारा साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, त्यात नाही. अशी जात कुठल्याही फांदीतून निघाली नसती, ती बीतूनच आली. आणि एकदा ती मिळाल्यावर घरोघरी पोचली ती कलमांनी.

म्हणूनच रस्त्याच्या कडेचा, परसातला प्रत्येक रायवळ आंबा माझ्या जिवाभावाचा आहे. तो कोयीतून आलेला, त्याच्यासारखा दुसरा जगात नाही. आमच्या घरामागे लोणच्याचा असा एक आंबा होता. आजी दुसऱ्या आंब्याचं लोणचं घालायचीच नाही. तो वादळात पडला तेव्हा त्याच्या फांद्या मी जळणाच्या ढिगात पाहिल्या, आणि तेव्हा मला कलम बांधता येत नव्हतं. तुमच्याकडे असं झाड असेल तर या पावसाळ्यात पुढचं काम कराच.

कोय कलम

कोकणात आंब्याची कलमं मोठ्या प्रमाणावर होतात ती या रीतीने. खाली रायवळीच्या कोयीचं रोप, ते खुंटरोप. वर हव्या त्या झाडाची काडी. म्हणजे सोटमूळ मुलाचं आणि फळ आईचं, दोन्ही मार्ग एका झाडात.

कोयी ताज्या हव्यात, महिनाभर पडून राहिलेल्या उगवत नाहीत. धुऊन पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका. उरलेल्या पिशव्यांत आडव्या लावा. दहाएक तरी लावा, सगळ्या साधत नाहीत.

कोयी लावल्यावर कलमकाड्यांची तयारी करा. हव्या त्या झाडाच्या तीन-चार महिने वयाच्या, टोकाचा डोळा फुगू लागलेल्या फांद्या निवडा आणि त्यांची पानं देठ ठेवून कापा. काडी झाडावरच राहू द्या. आठ-दहा दिवसांत देठ आपोआप गळतात आणि डोळा टपोरा होतो, तेव्हा काडी तयार. वीतभर कापून ओल्या फडक्यात गुंडाळून आणा आणि त्याच दिवशी वापरा.

रोप उगवून दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस असतानाच कलम बांधायचं. पानं हिरवी झाली की खोड कठीण होतं आणि यश घटतं. नव्या ब्लेडने रोपाचा शेंडा कोयीपासून चार बोटं वर कापा. उरलेल्या खोडाच्या मधोमध दीड इंच खोल उभा काप द्या. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे तिरके काप देऊन पाचर करा. काप एका ओढीत, सपाट हवा, कुरतडलेल्या पाचरीत हवा राहते. कापलेल्या भागाला बोट लावू नका. पाचर खोडात बसवा. काडी आणि रोप सारख्या जाडीचे असतील तर उत्तम. नसतील तर निदान एका बाजूला सालीला साल जुळली पाहिजे, कारण जोड तिथल्याच जिवंत थराने धरतो. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा, वरून अरुंद प्लॅस्टिक पिशवीची टोपी घाला आणि सावलीत ठेवा.

अडीच-तीन आठवड्यांत डोळा फुटतो, तेव्हा टोपी काढा. पट्टी मात्र जोड पक्का होईपर्यंत ठेवायची आणि पुढे आठवणीने सोडायची, नाहीतर ती खोडात रुतते. दहांपैकी तीन जगली तरी पहिल्या वर्षी हात बसला असं समजा.

पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावताना जोड मातीच्या वर राहू द्या. त्यानंतर दर महिन्याला वाकून एक गोष्ट पाहायची: जोडाच्या खालून फूट आली आहे का? ती खुंटाची, रायवळीची फूट. दिसताक्षणी खुडा. विकत आणलेल्या एका कलमाची ही फूट मी कौतुकाने वाढवली होती. वरची काडी कधी वाळून गेली ते कळलंही नाही, आणि सात वर्षांनी झाडाला आले ते खुंटाचे आंबे. दुसऱ्याच वर्षी कलमाला मोहोर येईल, घरातले सगळे हरखतील. तोही खुडायचा, पहिली तीन वर्षं तरी. चौथ्या-पाचव्या वर्षी राहू द्या, आणि तोवर लोणच्याची बरणी धुऊन ठेवा.